माघी पौर्णिमेची ड्युटी

कुवेत,
शुक्रवार, २० डिसेंबर १९७४

प्रिय प्रेमा,

तुझं पत्र वाचून आधी तुझा राग आला, मग तुझी माया आली, आणि आता पुन्हा रागच आलाय, तेव्हा तो अंगावर घेतच वाच. एवढ्या लांबून पत्र टाकायचं आणि आत मोजून चार ओळी! लिहितेस काय, तर मी त्यांच्या घरी परत जाणार नाही, ज्या माणसाने पोटच्या पोरीचं तोंड पाहिलं नाही त्याच्या नावाचं मंगळसूत्र मला जड झालंय, तेव्हा ताई, तूच त्यांना सांग, आणि त्यांची ती जपानी बाई कोण असेल तिच्याबरोबर त्यांना सुखाने राहू दे. झालं. खाली 'तुझी प्रेमा'. मी हे त्यांना सांगितलेलं नाही. सांगणारही नाही, निदान हे पत्र तू पुरतं वाचेपर्यंत नाही. जपानी बाई म्हणशील तर आहे बरं का. शेजारच्या मुक्ताकाकूंनी रजेवर आलेल्या तुझ्या शंकररावांना पडवीत बसून आपल्या आण्णांकडे जपानच्या बातम्या विचारताना ऐकलं, ते खोटं नाही. त्या बाईबद्दलच तुला सांगायला बसले आहे. सांगणार नाही अशी शपथ घातली होती मला, ती आज मोडते.

जानेवारीत शंकरराव इथे उतरले तेव्हा त्यांना घ्यायला मीच गेले होते, ते तुला कळवलं होतं. नोकरीही मीच खटपट करून मिळवून दिलेली. एअरकंडिशनरची देखभाल करणारी कंपनी, मोठमोठ्या कचेऱ्या आणि वकिलाती यांची कंत्राटं. इथे फेब्रुवारीत स्वेटर घालावा लागतो, पण यंत्रांची साफसफाई तेव्हाच उरकतात, एकदा उन्हाळा पेटला की हात लावायला सवड नसते. राहायला अब्बासिया वस्तीत, आपल्याकडच्याच माणसांच्या खोलीवर. सगळे सडेफटिंग, म्हणजे बायका गावाला ठेवून आलेले. त्यांच्यात वडीलधारे रामभाऊ, आपल्या लांज्याच्या बाजूचेच. शंकररावांना त्यांनी पहिल्या दिवसापासून धाकट्या भावासारखं पंखाखाली घेतलं. मी राहते हॉस्पिटलच्या नर्सेस होस्टेलमध्ये. शुक्रवारी त्यांच्या खोलीवर जायचं, माशाची आमटी हाणायची, आणि सगळ्यांना हात धुवायला लावायचे, एवढं माझं काम.

माघी पौर्णिमेला खोलीवर सत्यनारायण असतो. या लोकांचं ते दरवर्षीचं व्रतच म्हण. केळीचे खांब कुठून आणणार, म्हणून खजुराच्या झावळ्या बांधतात चौरंगाला, आणि शिऱ्यात केळ्याचं प्रमाण चुकलं की आपसांत भांडतात. पूजेला रामभाऊ बसायचे. यंदा त्या दिवशी बुधवार होता, आणि रामभाऊंची ड्युटी लागली होती जपानी वकिलातीत. सोवळं, उपास, तयारी, हे सगळं कामावर जाऊन कसं जमणार? शंकररावांची सुट्टी होती. ते म्हणाले, रामभाऊ, तुमी पूजेला बसा, मी जातो तुमच्या जागी. अशी बदली हे लोक सर्रास करतात. कोणाची एकादशी, कोणाच्या बापाचं श्राद्ध, कोणाला ताप. मुदीरला, म्हणजे मॅनेजरला, कोणी विचारत नाही. काम झाल्याशी कारण. ड्युटीच्या तक्त्यावर नाव रामभाऊंचं, आणि हत्यारांची पेटी घेऊन गेले तुझे शंकरराव.

दुपारी मी वॉर्डात औषधं वाटत होते. माझी रूममेट अमिरुन्निसा, हैदराबादची, तिला अरबी छान कळतं. ती धावत आली आणि हिंदीत म्हणाली, शामला, जपान की एम्बसी में बंदूकवाले घुस गए हैं. मी म्हटलं, अगोबाई, आणि पुढच्या रुग्णाला गोळ्या दिल्या. मला काय ठाऊक! जपानचं आणि आपलं नातं ते काय, एक ट्रान्झिस्टर. ड्युटी संपवून प्रसादाला म्हणून अब्बासियाला गेले, तर रामभाऊ सोवळ्यातच पायरीवर बसलेले. मला बघून उभे राहिले. मग म्हणाले, "बाय, शंकर थयसर हाय. माज्या जागी."

प्रेमा, ते तीन दिवस मला धड सांगता येणार नाहीत, पण सांगते. त्याच्या आठवडाभर आधी सिंगापूरला जपानी आणि अरब अशा चौघांनी तेलाच्या टाक्या उडवायचा प्रयत्न केला होता, आणि पळताना एक फेरीबोट धरून ते समुद्रातच अडकून पडले होते. इथल्या बंदूकवाल्यांची मागणी होती की जपानने विमान पाठवून त्या चौघांना इथे आणावं, नाहीतर वकिलातीतल्या माणसांना एकेक करून मारू. खुद्द राजदूत आत. अमिरुन्निसा रेडिओला कान लावून बसायची आणि मला सांगायची. जपान सरकार विचार करतंय. जपान सरकार कबूल झालं. कुवेत सरकार म्हणतं, ते विमान आम्ही इथे उतरूच देणार नाही. हे ऐकलं तेव्हा मी तिच्या हातातला रेडिओ हिसकावून घेतला. जणू तो पिळला की त्यातून वेगळी बातमी येणार होती. आणि एवढ्या बातम्यांत आत एक हिंदुस्थानी मेकॅनिक आहे असं कोणीच म्हणत नव्हतं.

म्हणायला कळलेलं कोणाला होतं? रामभाऊ गुरुवारी सकाळी मुदीरकडे गेले, मीही बरोबर होते. त्याने तक्ता पाहिला, रामभाऊंकडे पाहिलं, आणि म्हणाला, माझा जो माणूस तिथे जायचा तो माझ्यासमोर उभा आहे, तेव्हा माझं आत कोणीही नाही. आणि बदलीची गोष्ट पोलिसांपर्यंत गेली तर दोघांचे व्हिसे रद्द, पुढच्या विमानाने घरी. मी त्याला इंग्रजीत जे बोलले ते आपल्या घरात कोणी कधी बोललं नसेल. खाली उतरलो, तसे रामभाऊ सरळ वकिलातीच्या रस्त्याला लागले. पोलिसांनी दोर बांधून रस्ता अडवला होता, पलीकडे नुसत्या गाड्या आणि शिपाई. रामभाऊ दोराशी गेले आणि मोडक्या अरबीत पहिल्या शिपायाला सांगू लागले की माझा माणूस आत आहे, त्याचं नाव लिहून घ्या, नाव लिहून घ्या. शिपाई ढकलतोय आणि हे परत पुढे. शेवटी धरून गाडीत घातलं त्यांना. मी नर्सच्या पांढऱ्या कपड्यांत होते म्हणून मला नुसतं हाकललं. रामभाऊंना ठाण्यावरून संध्याकाळी सोडलं. पण नाव लिहून घ्यायला लावलंच त्यांनी. नोकरी जाणार हे पक्कं ठाऊक असताना गेला गं तो माणूस.

खोलीवर आले ते पूजेसमोर बसले. आदल्या संध्याकाळी पूजा कशीबशी झाली होती, पण उत्तरपूजा करून देव हलवायला रामभाऊ तयार होईनात. जो माझ्या जागी गेलाय तो आल्याशिवाय मी कलश हलवणार नाही, आणि उपासही सोडणार नाही. एकजण म्हणाला, पूजा अशी अडकवून ठेवू नये, देव कोपतो. रामभाऊ म्हणाले, कोपू दे, मग बघू. त्याच दिवशी माझ्या हातात आईचं पत्र पडलं. तुला दिवस राहिले आहेत, ओकाऱ्यांनी जीव हैराण झालाय, पोटात पाणी ठरत नाही, आणि डॉक्टरांनी या खेपेला उठूच नकोस म्हणून बजावलंय. दोनदा पदरी निराशा आलेली तुझ्या. तुम्हाला तार करायची की नाही हे मला तिथे, त्या झावळ्यांखाली बसून ठरवायचं होतं. तार गेली असती आणि तिसरंही गेलं असतं, तर? आणि नाही केली, आणि तिकडे शंकरराव... मी नाही केली. सगळे माझ्याकडे बघत होते, कारण मी शिकलेली ना! दुसऱ्यांच्या माणसांचे प्राण जाताना रोज बघते मी. स्वतःच्या माणसासाठी मला एवढी भीती वाटली नव्हती कधी.

शुक्रवारी विमान आलं. कुवेत सरकार शेवटी कबूल झालं, सिंगापूरचे चौघे त्यातून आले, इथले बंदूकवाले त्यांना जाऊन मिळाले, आणि सगळी वरात एडनला गेली. आतली माणसं सुटली. पोलिसांची जीप शंकररावांना गल्लीच्या तोंडाशी सोडून गेली, हातात हत्यारांची पेटी तशीच. रामभाऊ अनवाणी धावले आणि भर रस्त्यात त्यांच्या गळ्यात पडून ओक्साबोक्शी रडले. शंकरराव रडले नाहीत. आंघोळ केली, पूजेसमोर बसले, रामभाऊंनी उत्तरपूजा केली, ताजा शिरा सगळ्यांना वाटला. मग ते मला म्हणाले, ताई, तीर्थ हातात घ्या आणि शपथ घ्या, प्रेमाला यातलं काही कळवायचं नाही. मला वाटलं तुझ्या पोटातल्या जीवाची काळजी. मी घेतली शपथ. वकिलातीकडून कंपनीला आभाराचं पत्र आलं म्हणे, त्यामुळे मुदीर निवळला आणि दोघांच्या नोकऱ्या राहिल्या. मी म्हटलं, चला, सुटलो.

सुटलो कुठले! मार्चमध्ये एकदा तुझे शंकरराव कंपनीच्या आवारात असताना ती बाई आली. वकिलातीत टायपिस्ट होती म्हणे, पन्नाशीची, एवढीशी, चष्मा लावणारी. हो, ही तुझी सवत, बघून घे. दुभाष्याला घेऊन मुद्दाम त्यांना शोधत आली होती. त्यांच्यासमोर उभी राहिली आणि कमरेत वाकून, त्यांच्या पद्धतीने, कितीतरी वेळ वाकलेलीच राहिली. शंकरराव तिथून पळाले. अक्षरशः पळाले, पाना हातात घेऊन. रामभाऊंनी मला हे सांगितलं तेव्हा मला उलगडा होईना. त्याच दिवसांत पेपरात आलं होतं की फिलिपाईन्सच्या जंगलात एक जपानी सैनिक लढाई संपून इतकी वर्षं झाली तरी अजून लढाई चालूच आहे असं समजून लपून बसला होता. पत्रकं टाकली, हाका मारल्या, तो बाहेर आला नाही. शेवटी त्याचा जुना अधिकारी स्वतः जंगलात गेला आणि लढाई संपली म्हणून हुकूम वाचून दाखवला, तेव्हा बाहेर आला. मी हे शंकररावांना वाचून दाखवलं, म्हटलं, काय वेडी माणसं असतात बघा. त्यांनी पेपर माझ्या हातातून काढून घेतला. मग म्हणाले, त्याला सांगायला निदान कोणीतरी गेलं.

तेव्हा मी त्यांना हॉस्पिटलच्या बागेत बाकावर बसवलं आणि म्हटलं, आता बोला, मी नर्स आहे, मला काही ऐकवत नाही असं नाही. तेव्हा बोलले. बंदूकवाले आत घुसले तेव्हा शंकरराव व्हरांड्यात यंत्र उघडून बसले होते. प्रत्येक खोलीतलं यंत्र साफ करायचं, म्हणून वकिलातीने सकाळीच किल्ल्यांचा जुडगा त्यांच्याकडे दिलेला. त्यांच्या पाठीला बंदूक लावली आणि पुढे घातलं. एकेक दार उघड. प्रत्येक दाराशी त्यांना वाटायचं, आतून कोणी गोळी झाडेल किंवा मागून. उघडत गेले. एका खोलीत कागदपत्रांचं मोठं कपाट होतं, आणि त्याच्या मागे ती बाई अंग चोरून बसलेली. सकाळी तिने त्यांना चहा दिला होता. ती आत आहे हे त्यांना ठाऊक होतं, प्रेमा. ती त्या खोलीत शिरताना त्यांनी पाहिलं होतं. किल्ली सापडत नाही म्हणावं असं मनात आलं, बंदूक पाठीत रुतली, आणि हाताने दार उघडलं. ती सापडली. तिला केसांना धरून बाहेर काढलं, आणि जाता जाता तिने त्यांच्याकडे पाहिलं. एवढंच. तिला कोणी मारलं नाही, ती जिवंत सुटली, उलट तिच्या दुभाष्याने रामभाऊंना सांगितलं, ती म्हणते, हा माणूस दार उघडायच्या आधी मोठ्याने खोकला म्हणून मला सावध होता आलं, म्हणून आभार. शंकरराव म्हणतात, मी खोकलो नाही, मला भीतीने ठसका लागला होता.

मी खूप समजावलं. पण ऑगस्टमध्ये टोकियोत एका मोठ्या कंपनीच्या कचेरीसमोर बॉम्ब फुटला, कामावरची, रस्त्यावरची माणसं मेली. ती बाई तोवर बदली होऊन टोकियोला परतली होती. झालं. रोज कामावरून सुटल्यावर पेपर शोधत हिंडायचे, मेलेल्यांत तिचं नाव आहे का बघायला, आणि गंमत बघ, तिचं नाव त्यांना माहीतच नव्हतं. मग कामावर बंद दारासमोर नुसते उभे राहू लागले. दुसऱ्या कोणी उघडलं की आत जायचे. आमच्या डॉक्टरांना चिठ्ठी द्यायला लावून मीच त्यांना सप्टेंबरात पंधरा दिवसांच्या रजेवर घरी पाठवलं. म्हटलं, लेकीचं तोंड बघतील आणि माणसात येतील. आणि आपण त्यांना काय दिलं? बाळंतिणीची बंद खोली. वारा लागेल म्हणून आईने कडी घालून ठेवलेली.

तू आतून त्यांची पावलं ऐकत होतीस असं आईने लिहिलं. ते बाहेर उभे होते. रोज उभे होते. हात कडीपर्यंत जायचा म्हणतात, आणि त्यांना वाटायचं, आत कोणीतरी जीव मुठीत धरून बसलंय आणि मी उघडलं की संपलं. तू वाट बघत राहिलीस, गाव म्हणालं मुलगी झाली म्हणून तोंड फिरवलंन, आणि बारशाच्या आधीच ते निघून आले. तू त्यांना का नाही हाक मारलीस म्हणून मी तुला विचारणार नाही. ओल्या बाळंतिणीने नवऱ्याला हाका मारायच्या नसतात, हे आपल्यालाच शिकवलेलं. तुझा राग खोटा नव्हता. फक्त तो ज्याच्यावर होता तो माणूस असा नव्हता, एवढंच मला तुला सांगायचंय. जपानातल्या बातम्या अजून शोधतात. परवा तिथले पंतप्रधान पायउतार झाले आणि नवे आले, तेही त्यांनीच मला सांगितलं. एका बाईच्या काळजीने माणूस आख्ख्या देशाची काळजी वाहतोय.

आता हे पत्र पोस्टाने न पाठवता रामभाऊंच्या हाती का दिलं ते ऐक. कंपनीला वाळवंटातल्या एका पंपिंग स्टेशनवर माणूस हवाय. तीन वर्षांचा करार, मध्ये रजा नाही, आसपास वस्ती नाही. कोणी तयार नव्हतं, शंकररावांनी स्वतः हात वर केला. म्हणतात, तिथे सगळं उघड्यावर आहे, दारं नाहीत. माझ्या वाट्याला तेच बरं, प्रेमाला माझा आता काही उपयोग नाही. जानेवारीच्या पहिल्या शनिवारी ते सही करतील, तोवर थांबा एवढं मी मुदीरच्या हातापाया पडून कबूल करून घेतलंय. रामभाऊ रजेवर निघालेत, आपल्या घरी जायच्या आधी तुझ्याकडे येतील, आणि तू हे वाचत असशील तेव्हा ते अंगणातच असतील. त्यांना चहा दे. आणि मनात नसेल तर तसंच सांगून पाठव, मी तुला एक शब्द बोलणार नाही, ते सही करतील आणि जातील. पण मनात असेल तर रामभाऊ तडक लांज्याच्या पोस्टात जाऊन तार करतील. तारेत ये म्हणू नकोस, क्षमा केली म्हणू नकोस, त्याचा ते उलटा अर्थ काढतील. आई पत्रात नातीला नुसतं बाय म्हणते, आणि त्यांना कळवायचं नाही म्हणून तू सगळ्यांना बजावून ठेवलंयस, त्यामुळे दर शुक्रवारी ते मला एकच गोष्ट विचारतात आणि मला सांगता येत नाही. तेवढा एक शब्द पाठव, प्रेमा. त्यांच्या लेकीचं नाव.

तुझीच,
शामलाताई